अभिगम्य राजा

रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप राजाचें वर्णन करतांना कालिदासानें दोन विशेषणें जोडीनें योजिलीं आहेत. एक अधृष्य आणि दुसरें अभिगम्य. ज्याच्या अंगावर चालून जाण्याची कोणाची छाती होत नाहीं तो अधृष्य. आणि तरीहि ज्याच्याजवळ जावें असें वाटतें तो अभिगम्य. संस्कृताच्या तासाला हा श्लोक शिकवितांना प्रस्तुत लेखकास नेहमीं एक अनुभव येत असे. पहिल्या शब्दाचा अर्थ वर्गास तत्काळ कळे. मामलेदार, फौजदार, शाळा तपासावयास येणारे साहेब, आणि (मुलें बोलून दाखवीत नसलीं तरी) समोर छडी घेऊन उभे असलेले मास्तर, इतकीं उदाहरणें त्यांच्या डोळ्यांपुढें असत. दुसऱ्या शब्दाचा उपसर्ग, धातु आणि प्रत्यय फळ्यावर मांडून झाले तरी मुलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ जात नसे. मनुष्य मोठा असावा आणि त्याच्याजवळ जावेंसेंहि वाटावें, ह्या दोन गोष्टी एके ठिकाणीं पाहण्याची संवयच त्यांस नव्हती.

मोठीं माणसें लोकांत मिसळत नाहींत असें कोणी म्हणणार नाहीं. हल्लीं तर तीं पूर्वीपेक्षां पुष्कळच मिसळतात. पण त्या मिसळण्याची जात निराळी आहे. एका शाळेंतील पारितोषिक-समारंभाचें येथें स्मरण होतें. पाहुणे मोठे होते. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मुलें दीड तास उन्हांत रांगेनें उभीं होतीं. पाहुणे आले, एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनीं त्यास नांव विचारलें, आणि तो बिचारा स्वतःचें, वडिलांचें आणि आडनांव असें सर्व यथासांग सांगत असतां ते छायाचित्रकाराकडे पाहत होते. मुलाचें नांव त्यांस कळलें नाहीं. छायाचित्र मात्र उत्तम निघालें. ह्या प्रकारास कालिदासाचा शब्द लावतां येणार नाहीं. मोठ्यानें लहानाकडे जाणें म्हणजे अभिगम्यता नव्हे. लहानास मोठ्याकडे जातां येणें ही अभिगम्यता होय. क्रियापदाचा कर्ता कोण एवढें पाहिलें म्हणजे अर्धा उलगडा होतो.

ह्या शब्दाचें उदाहरण म्हणून आज ज्यांच्याविषयीं लिहावयाचें योजिलें आहे ते कोल्हापूरचे श्रीशाहू छत्रपति होत. हें नांव वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या भुंवया वर जातील हें आम्ही जाणतों. ज्या घरांत हें मासिक जातें त्यांपैकीं कित्येक घरांतील आजोबा-पणजोबांनीं ह्या राजाचें नांव कपाळास आठी घातल्यावांचून उच्चारलें नसेल. परंतु आपल्याला अनुकूल अशा मोठ्या माणसाचा चांगुलपणा ओळखणें सोपें असतें. ज्याच्या चांगुलपणाची किंमत आपल्याच घरास कांहीं अंशीं द्यावी लागली, त्याचें मोजमाप करतांना माणसाच्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा होते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. १८८४ सालीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. शिक्षण प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत आणि पुढें धारवाडास फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखालीं झालें. २ एप्रिल १८९४ रोजीं त्यांनीं राज्यकारभार हातीं घेतला तेव्हां त्यांचें वय वीस वर्षांचेंहि पुरें नव्हतें. इंग्रजी रीतीनें शिकलेले त्या वेळचे दुसरे राजपुत्र पोलो, विलायत आणि शिकार ह्यांतच रमले. शिकार ह्यांनाहि अतिशय प्रिय होती. पण शिकारीसाठीं रानावनांतून हिंडतांना ज्या माणसांची गांठ पडते, तींहि ह्यांच्या लक्षांत राहूं लागलीं, हा फरक.

शरीरानें महाराज धिप्पाड, पैलवानी बांध्याचे. पोशाख साधा. बोलणें अस्सल कोल्हापुरी रांगडें. राजवाड्यापेक्षां शहराबाहेरील सोनतळीच्या कॅम्पावर त्यांचें मन अधिक रमे. त्यांची फिरण्याची गाडी म्हणजे खडखडा. घोड्यांना गाडीची संवय लावण्यासाठीं वापरतात तशी उघडी, दणकट, नांवाप्रमाणेंच आवाज करणारी. ती ते स्वतः हांकीत. रस्त्यानें खडखडा निघाला म्हणजे कोणीहि शेतकरी, कोणीहि म्हातारी पुढें होऊन आपलें गाऱ्हाणें सांगूं शके. अर्ज लिहून घेण्यासाठीं कारकुनाच्या पायऱ्या झिजविणें नाहीं, शिरस्तेदाराची मनधरणी नाहीं, पट्टेवाल्याच्या हातावर कांहीं ठेवणें नाहीं. ज्यानें आयुष्यांत एकदां तरी कचेरीच्या ओसरीवर दिवस काढला आहे त्यास ह्यांतील सुख सांगावयास नको.

कौटिल्यानें राजाच्या दिनचर्येच्या प्रकरणांत बजावून ठेविलें आहे कीं, कामासाठीं आलेल्या माणसांस राजानें दारांत तिष्ठत ठेवूं नये. ज्या राजाचें दर्शन दुर्लभ, त्याच्याकडून त्याच्या भोंवतालचे लोक करूं नये तें करवितात आणि करावयाचें तें राहून जातें. गंमत अशी कीं, हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्री ह्यांनीं छापून प्रसिद्ध केला तो १९०९ सालीं. तोंवर कोल्हापूरच्या रस्त्यावरून खडखडा कित्येक वर्षें धांवत होता. कौटिल्य न वाचतांच महाराजांस हें उमगलें होतें कीं राजा आणि रयत ह्यांमधील खरें अंतर सिंहासनाच्या उंचीचें नसतें. मध्यें उभ्या असलेल्या माणसांच्या दाटीचें असतें. आणि त्या काळच्या कोल्हापुरांत ती दाटी बहुतांशीं आमच्याच मंडळींची होती.

ह्या मोकळ्या वाटेनें आलेल्या गाऱ्हाण्यांपैकीं एक सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि तें थोडें सविस्तर सांगण्यासारखें आहे. गंगाराम कांबळे नांवाचे महार समाजांतील एक गृहस्थ महाराजांच्या पागेंत नोकरीस होते. पागेंतील स्पृश्य नोकरांच्या पाण्याच्या हौदास हात लावल्याबद्दल त्यांस तेथील मराठा नोकरांनीं बेदम मार दिला. महाराज त्या वेळीं गांवीं नव्हते. ते परत आल्यावर गंगाराम आणि त्यांचे सोबती सोनतळीस गेले आणि त्यांनीं पाठीवरचे वळ दाखविले. महाराजांचा संताप अनावर झाला आणि मारणारांस त्यांच्याच हातचा चाबूक खावा लागला, असें सांगतात. हा राजाच्या क्रोधाचा भाग झाला. तो अधृष्य ह्या विशेषणाखालीं जाईल. आम्हांस त्यापुढील भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरा एखादा दयाळू राजा असता तर त्यानें गंगारामास बक्षीस दिलें असतें, वर गोड शब्द बोलून पुन्हां त्याच पागेंत कामावर पाठविलें असतें, आणि ती हकीकत दरबारच्या अहवालांत छापली गेली असती. महाराजांनीं त्यांस नोकरींतूनच मोकळें केलें आणि स्वतःचा धंदा काढण्यास सांगितलें. लागेल ती मदत देण्याचें कबूल केलें. त्याप्रमाणें गंगारामांनीं कोल्हापुरांत भरवस्तींत, भाऊसिंगजी रस्त्यावर, चहाचें दुकान काढलें. दुकान स्वच्छ होतें, चहाहि चांगला असावा. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास येणार कोण? लोक दुकानाकडे पाहत आणि पुढें जात.

हें कानांवर येतांच महाराजांनीं जें केलें त्याची आठवण कोल्हापुरांत आजहि सांगतात. फेरफटक्यास निघाले म्हणजे खडखडा बरोबर गंगारामाच्या दुकानापुढें थांबे. महाराज मोठ्यानें चहा मागवीत. चहा येई. तो ते स्वतः घेत, आणि गाडींत बरोबर बसलेल्या ब्राह्मण-मराठा अंमलदारांसहि देववीत. एवढेंच नव्हे, तर कागदावर सही घेण्यासाठीं किंवा काम सांगण्यासाठीं जे लोक रस्त्यावर गांठ घेत त्यांस आधीं तेथील चहा घ्यावा लागे. पुढें त्याच दुकानांत सोडावॉटरचें यंत्रहि महाराजांच्या मदतीनें आलें.

ज्यांस आज कोपऱ्यावरच्या दुकानांतील चहा म्हणजे कांहींच नव्हे असें वाटतें, त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेविलीं गेलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते, शहरांतील इतर विद्वान् होते. त्या एका पेल्यावरून ग्रामण्य उभें राहिलें, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें आणि मोठमोठ्यांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. ज्यांच्या विद्वत्तेपुढें सरकार वचकून असे ते पुरुष चहाच्या पेल्यापुढें वांकले! तो चहा मिशनऱ्यांच्या घरचा होता. हा तर अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या दुकानांतला. पंचहौदाच्या प्रकरणानंतर सुमारें तीस वर्षांनीं भर रस्त्यांत, दिवसाढवळ्या, शहराच्या डोळ्यांदेखत एक छत्रपति तो पीत होता आणि बरोबरच्यांस पाजीत होता.

येथें महाराजांच्या शहाणपणाचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. महाराज एकटे त्या दुकानीं चहा प्याले असते तर लोक म्हणाले असते, राजेलोकांची लहर. राजाला विटाळ कसला? शिवाय राजा रोज किती पेले पिणार? दुकान चालतें तें राजाच्या एका पेल्यावर नाहीं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शंभर पेल्यांवर. ज्यास गंगारामाचें खरें हित साधावयाचें होतें त्यास कोल्हापूरच्या लोकांची संवय मोडणें भाग होतें. आणि लोकांची संवय आधीं कचेरींतल्या माणसांपासून मोडावी लागते, कारण इतर लोक त्यांच्याकडे पाहून वागतात. त्या खडखड्यांत बसलेल्या आमच्या जातीच्या अंमलदारांच्या मनाची त्या वेळीं काय स्थिति झाली असेल ह्याची कल्पना करवते. घरीं जाऊन कित्येकांनीं गुपचूप स्नान केलें असेल. पण दुसऱ्या दिवशीं खडखडा पुन्हां तेथेंच थांबत असे, आणि एकाच दिवसांत वारंवार स्नान करण्यास शेवटीं माणूस कंटाळतोच.

आतां ज्या गोष्टींमुळें हें नांव आमच्या घरांत कडू झालें त्यांकडे वळूं. त्या टाळल्या तर हा लेख नुसता स्तुतिपाठ होईल.

एकोणिसावें शतक संपत आलें असतां कार्तिकमासांत महाराज पहांटे पंचगंगेवर स्नानास जात. बरोबर मुंबईचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत होते. स्नानाच्या वेळीं मंत्र म्हणणारे भटजी वेदोक्त मंत्र न म्हणतां पुराणोक्त म्हणत आहेत हें शास्त्रीबोवांच्या ध्यानीं आलें आणि त्यांनीं तें महाराजांच्या नजरेस आणलें. विचारतां उत्तर मिळालें कीं, शूद्रांस वेदमंत्र नाहींत. आणि पुराणोक्तच म्हणावयाचे असल्यानें भटजींनीं स्वतः स्नानहि केलेलें नव्हतें. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषास त्याच्याच आश्रितानें त्याच्याच नदीवर हें सांगितलें! पुढील वाद सर्वांस ठाऊक आहे. केसरीनेंहि १९०१ सालीं त्यांत महाराजांच्या विरुद्ध बाजूनें लेखणी चालविली. राजोपाध्यांनीं ऐकलें नाहीं तेव्हां १९०२ सालीं त्यांचें इनाम जप्त झालें. प्रस्तुत लेखकाचा सर्व जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. ज्या मंत्रांत सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना आहे असें आम्ही मुलांस अभिमानानें सांगतों, ते मंत्र कानीं पडण्याचीहि कांहींची योग्यता नाहीं असें पुढच्या तासाला सांगणें हें कोणत्या न्यायशास्त्रांत बसतें तें अद्याप आम्हांस कळलेलें नाहीं. एक गोष्ट मात्र दोन्ही पक्ष सोयीस्करपणें विसरतात. हा अन्याय दाखवून देणारे भागवतशास्त्री ब्राह्मणच होते आणि पुढें वेदोक्त विधि करणारे नारायण भट्ट सेवेकरी हेहि ब्राह्मणच.

घाटावरच्या त्या पहांटेचा एक परिणाम असा कीं, जें छत्रपतीस ऐकावें लागतें तें खेड्यांतील कुणब्यास, चांभारास किती पटीनें ऐकावें लागत असेल, हें महाराजांस अनुभवानें समजलें. सामान्यांशीं समरस होण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. त्यांचा अपमान आपल्या वांट्यास येणें हा त्यांतला सर्वांत जवळचा. महाराजांनीं तो अपमान एकट्याचा मानला नाहीं हें त्यांचें वैशिष्ट्य. २६ जुलै १९०२ रोजीं, ते सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण-समारंभानिमित्त विलायतेंत असतां, करवीर संस्थानाच्या नोकरींत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्यात असा त्यांचा हुकूम प्रसिद्ध झाला. आमच्या समाजांत ह्यावर केवढा गहजब झाला! पण त्यांनीं राज्य हातीं घेतलें त्या वर्षींचे आकडे पाहावे. संस्थानच्या सर्वसाधारण कारभारांतील ७१ अधिकाऱ्यांपैकीं ६० ब्राह्मण होते. ज्या रयतेच्या करांतून हे पगार निघत त्या रयतेचा मनुष्य त्या कचेरींत दिव्यानें शोधावा लागे. आम्ही लायकीच्या जोरावर तेथें होतों हें खरें. पण लायकी येते कोठून?

ह्या प्रश्नाचें उत्तर शिक्षकास इतरांपेक्षां थोडें अधिक ठाऊक असतें. आमच्यापैकीं कित्येकांचे वडील वा आजोबा परगांवीं वार लावून शिकले. सोमवारीं जोश्यांकडे, मंगळवारीं आपट्यांकडे, कोठें माधुकरी, कोठें ओसरीवर पथारी. अशा रीतीनें गरीब ब्राह्मणाचा मुलगा मॅट्रिक होई आणि पुढें कारकून, मास्तर वा वकील होई. त्याच्या कष्टांची गोष्ट घरोघर सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण सात दिवसांचीं सात घरें त्यास कोणी दिलीं? त्याच्या जातीनें. शिरोळच्या किंवा भुदरगडच्या शेतकऱ्याचा तितकाच हुशार मुलगा कोल्हापुरास आला तर त्यास वार कोण देणार होतें? आणि चांभाराच्या मुलास ओसरी?

महाराजांनीं १८९६ सालीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह काढून पाहिलें. तें पाहतां पाहतां ब्राह्मण विद्यार्थ्यांनींच भरलें. तेव्हां त्यांनीं निराळा मार्ग धरला. १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह निघालें, त्याच वर्षीं जैनांचें. १९०६ सालीं मुसलमानांचें. १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क ह्यांच्या नांवाचें. आणि मग लिंगायत, शिंपी, सोनार, सारस्वत अशी ती ओळ वाढतच गेली. जातवार वसतिगृहांनीं जाति घट्ट झाल्या असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदींच पोकळ नाहीं. तरी आमचें मत असें कीं, ज्यास घरच नाहीं त्यास आधीं घर द्यावें. भिंती पाडण्याचा विचार मागाहून करतां येतो. १९१७ सालीं महाराजांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें आणि मोफत केलें. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांचीं मुलें सर्वांबरोबर एकाच शाळेंत बसविण्याचा हुकूम निघाला. तो वाचतांना आमच्यासारख्या जुन्या मास्तरास वर्गाच्या दाराबाहेर बसून धडे ऐकणारीं मुलें डोळ्यांपुढें दिसूं लागतात.

ह्या वसतिगृहांचा एक विद्यार्थी येथें सांगितलाच पाहिजे. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास गेल्याबद्दल जैन वसतिगृहांतील एका मुलास शुद्धीचें स्नान करण्यास सांगण्यांत आलें. त्यानें तें साफ नाकारलें आणि त्यास तेथून बाहेर पडावें लागलें. त्यास महाराजांचा आश्रय मिळाला. हाच मुलगा पुढें कर्मवीर भाऊराव पाटील ह्या नांवानें प्रसिद्धीस आला आणि १९१९ सालीं त्यानें रयत शिक्षण संस्था स्थापिली.

ब्राह्मणांखेरीज इतरांनींहि महाराजांस दोष दिला आहे. इंग्रज सरकारशीं त्यांचा घरोबा राष्ट्रीय पक्षास नेहमीं सलत राहिला. आमच्या दृष्टीनें मात्र सर्वांत जिव्हारीं लागलेली गोष्ट म्हणजे १९१८ सालीं झालेलें कुलकर्णी वतनाचें उच्चाटन. पिढ्यान्‌पिढ्या गांवचें दप्तर सांभाळणारीं घरें एका हुकुमानें निराधार झालीं. त्यांतील सगळेच कुलकर्णी रयतेस नाडणारे नव्हते. कित्येक तर स्वतःच अर्धपोटीं असत. त्या घरांतील बायकामुलांचे हाल खोटे नव्हते. तरीहि, शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद वाचण्याची मक्तेदारी वंशपरंपरेनें एकाच घराकडे असावी, ही व्यवस्था टिकावी असें आज कोणता सुज्ञ मनुष्य म्हणेल? ती मोडण्याचें काम अधिक मृदु हातानें झालें असतें तर बरें झालें असतें. त्या वर्षांतील वादास जी कटुता आली ती दोन्ही बाजूंस शोभली नाहीं, आणि तिचें फळ पुढील पिढ्यांस चाखावें लागलें.

त्याच १९१८ सालचा दुसरा एक हुकूम आमच्या घरांत फारसा कोणास ठाऊक नसतो, कारण त्याचा आमच्याशीं संबंध नव्हता. गुन्हेगार ठरविलेल्या जातींतील माणसांस गांवकामगारांपुढें रोज हजेरी द्यावी लागे. गुन्हा केलेला असो वा नसो, जन्म त्या जातींत झाला एवढेंच पुरे. ती हजेरी महाराजांनीं बंद केली. इतकेंच करून ते थांबले नाहींत. ज्या फासेपारध्यांस लोक चोर म्हणून दूर ठेवीत त्यांसच त्यांनीं पहाऱ्याच्या कामावर नेमलें. चोर म्हणविल्या जाणाऱ्याच्या हातीं स्वतःच्या निजण्याच्या जागेचा पहारा देणें ह्यास केवळ दया पुरत नाहीं. शिकारीच्या निमित्तानें रानांत त्यांच्याशीं घडलेल्या ओळखीचा तो परिणाम होता. त्यांची नजर, त्यांचें कान, त्यांचें इमान हें सर्व महाराजांनीं स्वतः पाहिलेलें होतें.

करमणुकींतहि हीच दृष्टि होती. रोममधील जुनें वर्तुळाकार रंगण १९०२ च्या प्रवासांत त्यांनीं पाहिलें आणि तशा धर्तीवर कोल्हापुरांत कुस्त्यांसाठीं खासबागेचें मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं खुलें झालें. मध्यें हौदा आणि भोंवतीं चढत जाणारी बैठक अशी रचना असल्यामुळें सर्वांत शेवटीं येऊन बसलेल्या खेडुतासहि पैलवानाचा पट काढतांनाचा हात स्पष्ट दिसतो. ज्यास मागें बसण्याची संवय आहे त्याची गैरसोय ज्याच्या ध्यानीं येते, अशा माणसानें काढलेला तो नकाशा आहे.

तथापि लोकांवर प्रेम करणाऱ्या मोठ्या माणसांस एक मोह असतो. लोकांनीं सदैव आपल्याकडेच यावें, आपल्याकडूनच घ्यावें, असें त्यांस वाटूं लागतें. फार थोडे ह्यांतून सुटतात. सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक असलेले भीमराव आंबेडकर त्या वेळीं मुंबईस परळच्या एका चाळींत राहत होते. महाराज स्वतः त्या चाळींत त्यांच्या भेटीस गेले. ३१ जानेवारी १९२० रोजीं निघालेल्या आंबेडकरांच्या मूकनायक पत्रास त्यांनीं पैशाचें साहाय्य दिलें. मार्च १९२० मध्यें कागल जहागिरींतील माणगांव येथें आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं अस्पृश्य मानलेल्या वर्गाची परिषद भरली, तिला महाराज मुद्दाम हजर राहिले. आणि जमलेल्या लोकांस त्यांनीं सांगितलें कीं, तुम्हांस तुमच्यांतलाच पुढारी आतां मिळाला आहे. सव्वीस वर्षें ज्यांचीं गाऱ्हाणीं आपण ऐकली त्यांस, आतां आपल्याकडे येण्याची गरज नाहीं अशा अर्थाचे शब्द स्वतःच्या तोंडानें ऐकविणें राजास सोपें नसतें. त्यानंतर महाराजांस दोनच वर्षें आयुष्य लाभलें.

६ मे १९२२ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें, तेव्हां वय अठ्ठेचाळीसहि पुरें नव्हतें. पुढें त्यांचे पुतळे झाले, त्यांच्या नांवानें संस्था निघाल्या, रस्ते आणि चौक झाले. २०२२ सालीं स्मृतिशताब्दीच्या दिवशीं सबंध कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागीं स्तब्ध उभें राहिलें. परंतु कोल्हापुरांत त्यांचें पहिलें स्मारक उभें राहिलें तें १९२५ सालीं, नर्सरी बागेंत. तें दरबारानें उभारलें नव्हतें, सरदार-जहागीरदारांनींहि नव्हे. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या चहाच्या दुकानाचे मालक गंगाराम कांबळे ह्यांनीं आपल्या समाजबांधवांस बरोबर घेऊन तें उभारलें.